मेंदूतली परांची

पीएच.डी.ची सगळी वर्षं मी एकाच प्रकारच्या प्रथिनांवर काम केलं. मेंदूतल्या दोन पेशी जिथं एकमेकींना भिडतात, तिथं निरोप पकडणारे रेणू जागच्या जागी धरून ठेवणारी ही प्रथिनं. उंदरांच्या मेंदूचे काप, रंग, सूक्ष्मदर्शक, एवढाच माझा संसार. माणसाशी गाठ पडली ती दोन वर्षांपूर्वी, आमच्या शहरातल्या औरंगपुऱ्यात.

शाळेपासूनची माझी एक मैत्रीण तिथं लहान मुलांची डॉक्टर आहे. दुपारी तिचा फोन आला. "सोयगावकडचं एक जोडपं बसलंय. मुलीचा जनुकांचा रिपोर्ट आलाय. शँक-थ्री, म्हणजे तुझ्याच प्रथिनाचं जनुक. मी सांगून पाहिलं, पण त्यांना उमगलं नाही. येतेस का?"

कॉलेजातला तास संपवून मी रिक्षानं गेले. मुलीच्या वडिलांनी मेंढरं विकली होती, आता शहरात इमारतींच्या कामावर जात होते. आईच्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी. ती अजून एक शब्दही बोलली नव्हती, चालायलाही उशिरा लागली होती.

मी कागदावर दोन पेशी काढल्या. "ही निरोप पाठवते, ही घेते. घेणारीला आतून आधार लागतो, परांचीसारखा. तो कसा बांधायचा याची माहिती प्रत्येकाला दोनदा मिळते, एकदा आईकडून, एकदा वडिलांकडून. हिच्याकडं त्यातली एक नाही. म्हणून आधार अपुरा पडतो."

वडिलांनी चित्रावर बोट ठेवलं. "मॅडम, गिलावा झाला की परांची आम्ही काढून टाकतो. ही बी काढत्यात का?"

इतकी वर्षं वर्गात मी हीच उपमा देत होते. एकाही विद्यार्थ्यानं हे विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "ही जन्मभर लागते. जुने रेणू जातात, नवे येतात, पण आधार राहावाच लागतो. माझा शब्द चुकला."

"मंग ते कॉलम म्हना," ते म्हणाले.

आई खाली बघतच बोलली, "ताई, ही पोटात व्हती तवा गिराण लागलं, त्यात मी इळ्यानं भाजी चिरली व्हती. सासूबाई म्हणत्यात, त्यानंच झालं."

मैत्रिणीनं आई-वडील दोघांच्याही तपासणीचे रिपोर्ट माझ्यापुढं ठेवले. मी ते त्या बाईला दाखवले. "तुमच्यात हा बदल नाही, ह्यांच्यातही नाही. मुलीच्या बाबतीत तो आपोआप, नव्यानंच झालाय. ग्रहणानं नाही, विळ्यानं नाही, खाण्यानं नाही. तुमच्या कशानंच नाही."

"लिहून द्या," ती म्हणाली. "मराठीत."

मी अर्धं पान लिहिलं. मैत्रिणीनं खाली सही करून शिक्का मारला. आईनं कागदाची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली.

जाताना वडिलांनी औषधाचं विचारलं. मी म्हणाले, "तो आधार भरून काढणारं औषध अजून नाही. बोलायचं, हालचालींचं शिकवलं तर फायदा होतो."

"तुमी त्याच्यावरच काम करता ना?"

"करते. पण अजून उंदरांवरच."

त्यांनी मान हलवली. माझ्या कामाबद्दल इतकं ओशाळं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढं ते कुटुंब शहरातच खोली घेऊन राहिलं, दर आठवड्याला मुलीला शिकवणीला नेऊ लागलं. गेल्या महिन्यात ते तिघं दवाखान्यात पुन्हा भेटले. मुलगी बोलत नाही, पण हवं असेल त्याच्या चित्राचं कार्ड उचलून देते. "पाणी मागती आता," आई म्हणाली. "आधी नुसती रडायची, काय पायजे ते कळायचंच नाय."

सासूबाईंचं मी विचारलं.

"पुतणीकडून कागद वाचून घेतला त्यांनी. तवापासनं इळ्याचं पुन्हा काढलं नाय."

तेवढ्यात मुलीनं माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. त्यावर केळं होतं. ती माझ्याकडं बघत थांबली. मी पर्स घेतली आणि खाली फळांच्या गाडीवर केळी आणायला गेले.