करमाळ्याचा काळा दोरा

दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी मी नगरहून सोलापूरची एसटी पकडली. सामान म्हणजे एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि लीलासाठी अनारशांचा डबा. लीला माझी शाळेपासूनची मैत्रीण. सोलापुरात मुलांच्या एका लहान खासगी दवाखान्यात ती मुख्य परिचारिका होती. वर्षभर मुलींना भूगोल शिकवून मी कंटाळले होते. तीन आठवडे तिच्याकडे खायचे आणि झोपायचे, एवढाच बेत होता.

करमाळ्याला गाडीचा टायर बसला. वाहक म्हणाला, "अर्धा तास." म्हणजे दीड तास, हे समजून मी खाली उतरले. स्टँडवरच्या बाकावर एक तरुण बाई चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या मानेवर तिने पदर ओढला होता, पण मुलगी तो सारखा दूर करी. डाव्या बाजूला जबड्याखाली मोठ्या पेरूएवढी मऊ गाठ होती आणि तिच्यावर एक काळा दोरा रुतला होता.

आडून विचारणे मला जमत नाही. "कधीपासून आहे?"

"जल्मापासनं," शेजारचा म्हातारा म्हणाला. तो मुलीचा आजा, तात्या. "आदी लिंबायवढी व्हती. दाक्तर म्हनतो सोलापूरला न्हेऊन कापा. लेक माजा फौजेत, म्या काय करू? गळ्याला सुरी लावू देनार न्हाय, म्हनून दोन वरसं काढली की."

मुलीचे नाव मैना, आईचे सुंदरा. दोरा कमलाभवानीच्या देवळातला. गेल्या वर्षी बांधला तेव्हा दोन बोटे जात होती. आता नखही जात नव्हते.

लीलाच्या पत्रात मी वाचले होते की तिचे डॉक्टर अशा काही गाठी न कापता, सुईने बऱ्या करून पाहतात. मी ते सांगितले. तात्या म्हणाला, "सुरी-कात्री लागनार न्हाय, ह्ये नक्की?"

"नक्की. माझी जबाबदारी," मी म्हणाले. टायर बदलून झाला आणि आम्ही चौघे एका गाडीने निघालो.

टेंभुर्णीनंतर दोन्ही बाजूंना काळी रानं आणि त्यांत वीतभर वाढलेली ज्वारी. मैनेने माझ्या डब्यातले चार अनारसे खाल्ले. सोलापूर स्टँडवर टांगेवाल्याने माझ्याकडे, मग ट्रंकेकडे आणि शेवटी घोड्याकडे पाहिले. "बैठो खाला (मावशी), घोडे कू आदत है," तो म्हणाला. सुंदरा पदरात तोंड खुपसून हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी खोलीची दारे-खिडक्या लावायला सांगितली आणि विजेरी गाठीला टेकवून पेटवली. गाठ कंदिलासारखी लाल उजळली. तात्या दोन पावले मागे सरला.

"बघा, आत पाणी आहे," डॉक्टर त्याला म्हणाले. "ही जीव घेणारी गाठ नव्हे. पण अशीच वाढली तर उद्या श्वासाला अडेल. सुईने पाणी काढू आणि आतून आवळून यावी म्हणून औषध सोडू. औषधाने दोन-तीन दिवस गाठ फुगेल, तापेल. तोवर पोरगी इथेच, आमच्या नजरेखाली. मग ओसरेल. पंधरा दिवसांनी पुन्हा सुई. सगळ्यांनाच गुण येतो असं मी म्हणत नाही."

पिचकारीत पिवळसर पाणी आले, थोडेसे औषध आत गेले, आणि टाका ना पट्टी, मैना दहा मिनिटांत रडून मोकळी झाली. तात्याने मला हात जोडले. मी खूश होऊन घरी गेले आणि लीलाने केलेले हुलग्याचे माडगे (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) दोन वाट्या प्याले.

सांगितल्याप्रमाणे गाठ फुगली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा गिरणीचा भोंगा नुकताच झाला होता. सुंदरा दूध आणायला गेली होती, तात्या बाहेर झाडाखाली होता. मैना उशीला टेकून कण्हत होती. गाठ लाल, गरम आणि दोरा त्यात खोल गेलेला. लीला डॉक्टरांना बोलवायला धावली. मी ट्रेमधली कात्री उचलली आणि दोरा कापला. तो मैनेने हातात धरला, तिच्या हातून खाली पडला, मी उचलून पर्समध्ये टाकला. सुतळीचा तुकडासुद्धा न टाकण्याची माझी सवय.

डॉक्टरांनी तपासले. श्वास ठीक होता. "दोरा काढला ते बरं केलंत," ते म्हणाले.

सुंदरा दारात उभी होती. तिच्या हातातला तांब्या कलला आणि दूध तिच्याच पायांवर सांडले. तिने तात्याला हाक मारली.

"आपसूक गळून पडला पायजे त्यो. तोडायचा नसतोय, बाई," तात्या म्हणाला. तो ओरडला असता तर बरे झाले असते.

"तात्या, तो रुतत होता."

"रुतत आसंल. आमी भाईर हुतो, मेलो नव्हतो. इचारायचं की. सुरी-कात्री लागनार न्हाय म्हनला व्हता तुमी."

कात्री अजून माझ्या हातात होती; ती मी ट्रेमध्ये ठेवली.

त्यांच्या लेखी आता गाठ फुगली ती दोरा तोडल्यामुळे. आधी फुगली मग तोडला, हे मी तीनदा सांगून पाहिले. दोन दिवसांनी डॉक्टरांनी घरी सोडले. पुढच्या सुईची तारीख लिहिलेली चिठ्ठी तात्याने घेतलीच नाही.

राहिलेले दिवस मी भुईकोट पाहिला, तळ्याकाठी बसले, दोन चादरी घेतल्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. कशातही लक्ष नव्हते. ठरलेला दिवस आला, मैना आली नाही. "असं होतं," लीला म्हणाली. "अर्ध्यावर सोडली की गाठ पुन्हा भरते. मग सुरीच."

परतीच्या प्रवासात मी तिकीट नगरचे काढले आणि करमाळ्याला उतरले. लीलाने केसपेपरवरून गाव सांगितले होते. ट्रंक एका हॉटेलवाल्याकडे ठेवली आणि तीन मैल चालले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. उरलेला मैलभर चप्पल हातात.

तात्या अंगणात कडबा रचत होता. मैना धावत आली, माझ्या पर्सकडे पाहत. अनारसे संपले होते. मान आधी नीट दिसेना. मग ती वळली. गाठ होतीच, पण मला वाटले, लहान आहे. वाटण्यावर मी विश्वास ठेवत नाही. मी दोरा काढला.

"तात्या, माझं चुकलं. तुम्हाला हाक मारायला हवी होती. हा तुमचा दोरा. कापलेली टोकं परत बांधली की तो आखूड होईल. मूळ माप रुतत होतं; गाठ तेवढीच असेल, तर आखूड दोरा मानेत बसताच कामा नये. बघा बांधून."

बसला नाही, तर पुढे काय बोलायचे हे मी ठरवले नव्हते.

तात्याने दोरा कपाळाला लावला. "पोरीला आना हिकडं. मीच बांदतो." जाड बोटांनी त्याने गाठ मारली. मग दोऱ्याखाली एक बोट घातले. मग दुसरे. दोन्ही बोटे तशीच ठेवून त्याने सुंदराला जवळ बोलावले.

"आबाबा," सुंदरा म्हणाली आणि तिनेही बोट घालून पाहिले.

"फुडची सुई कवा?" तात्याने विचारले.

"चुकली आहे. सोमवारी जा. लीलाबाई आहेत तिथे."

"त्या बाईला सांगून ठेवा, कात्री लपवून ठेव म्हनावं." हे हसत म्हटले होते की नाही, मला कळले नाही. पण त्याने मला ज्वारीची भाकरी वाढली आणि बैलगाडी जुंपून स्टँडवर सोडले.

मुक्कामाला पोचले तेव्हा घरात तीन आठवड्यांची धूळ होती. केर काढता काढता विचार केला. दोरा कापला ते आजही बरोबरच वाटते. तसाच प्रसंग आला तर पुन्हा कापीन. पण झाड दहा पावलांवर होते आणि हाक मारायला एक क्षण लागला असता. त्या क्षणापायी एका पोरीची सुई चुकली.

चैत्रात लीलाचे पत्र आले. मैनेला आणखी दोन सुया लागल्या होत्या. जबड्याखाली आता सुपारीएवढे काही हाताला लागते, डोळ्याला दिसत नाही. खाली एक ओळ होती: तात्याने मुद्दाम लिहायला सांगितले आहे की दोरा न्हाताना आपसूक गळून पडला, कुणी तोडला नाही, असे नगरच्या बाईंना कळवा.