अर्धी गोधडी आणि माझं शहाणपण

सोलापूरकरांनो, आज भवानी पेठेत माझी पार जिरली!

मला जुन्या गोधड्या जमवायचा नाद. परवा जुन्या बाजारात एक अर्धवट शिवलेली मिळाली. ती पुरी करून घ्यायला आज गोधड्या शिवणाऱ्या मेहरूनखालांकडे गेले आणि वर त्यांनाच शिकवायला लागले.

"खाला, जुन्या टाक्यांना हात लावू नका हं. असा हात आता मिळत नाही. कुणी आजी असेल, कधीच गेली असेल बिचारी."

खालांनी चष्मा लावला. कोपऱ्यातला लाल तिकोनी तुकडा बघितला. मग स्वतः बसल्या होत्या त्या गोधडीचा कोपरा उलटून अगदी तसाच तुकडा दाखवला.

"ती आजी मीच की गं. अजून जिती हाय."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. तरी विचारलंच, "मग अर्धी का सोडलीत?"

"मालकीण रोज डोक्यावर बसून टाका कुटं घालायचा ते सांगायची. तुझ्यावानीच."

गोधडी ठेवून घेतली, पण अट घातली, "पंधरा दिवसांनी ये. मधी फिरकू नगं."

आज पहिलाच दिवस आहे आणि मला आत्ताच दोऱ्याचा रंग सांगायचा राहिल्याचं आठवलंय. मला घरात बांधून ठेवायला कोण येतंय?