बर्फाचा अंदाज

आमच्या सौंसरात बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या भुशातली लादी. तरी माझ्या लग्नाची तारीख बर्फाच्या अंदाजावर ठरली.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. नागपूरच्या पेपरात येणारे हवामानाचे नकाशे ते वर्षानुवर्षं कापून ठेवत. यंदाचा नकाशा ज्या जुन्या वर्षाशी जुळेल, तसंच यंदा घडणार, ही त्यांची पद्धत. पावसाचे एक-दोन अंदाज बरोबर निघाले आणि गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. तेव्हापासून ते स्वतःला वेधशाळाच समजू लागले.

माझं बोरगावच्या मुलाशी जमलं होतं. फौजेत होता, पार काश्मीरच्या पलीकडे. साक्षगंधाला सुटीवर आला तेव्हा बाबांना म्हणाला, "मामाजी, दिवाळीनंतर तिकडं बर्फाचा भरवसा नाही. खिंड बंद झाली की खाली उतरता येत नाही. लग्न उन्हाळ्यात धरा."

बाबांनी शेजारच्या टीव्हीवर उपग्रहाचं चित्र पाहिलं, ओसरीभर कात्रणं पसरली आणि हसले. "तुम्ही उगाच भिऊन राहिले, जावईबापू. यंदा लवकर बर्फ पडायचा चान्स लय कमी हाय."

जो माणूस त्या बर्फात राहत होता, त्याला आमच्या ओसरीवर बसून हे सांगितलं! पण मास्तरांपुढे बोलणार कोण? तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरला. मीही खूश होते, हे कबूल करते. मला तो आवडला होता.

हळदीच्या सकाळी तार आली. बर्फ पडला, रस्ता बंद, येता येत नाही.

दुपारी त्याची आई बोरगावहून आली आणि मांडवात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरगी पांढऱ्या पायाची हाय. उंबरठा ओलांडायच्या आधीच माह्या पोराची वाट बंद केली इनं. आमाले नाही पायजे."

सगळे बाबांकडे पाहू लागले. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, बाई, तारीख मी धरली होती, पोरीचा काय दोष? सोयरीक कदाचित तरीही मोडली असती. पण माझ्या नावाला तो डाग लागला नसता, आणि पुढची स्थळं दारातूनच परत गेली नसती.

बाबांनी चष्मा पुसला. "चान्स कमी हाय म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "पडणारच नाही, असं कुठं म्हटलं होतं? अंदाज बरोबरच होता."

मी हळदीच्या अंगानं तिथेच उभी होते. माझ्यासाठी ते एक अक्षर बोलले नाहीत.