पाचवे कलम

शाळेत दुसरा तास चालू होता. मी सातवीच्या वर्गाला काळ-काम-वेगाचे उदाहरण सोडवून दाखवत होतो. फळ्यावर तीन पायऱ्या झाल्या होत्या, दोन उरल्या होत्या. शिपाई दाराशी आला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, घरून माणूस आलाय. लगेच चला म्हणतोय." मी त्याला थांबायला सांगितले, उरलेल्या दोन पायऱ्या लिहिल्या, उत्तराखाली रेघ ओढली आणि मुलांनी ते उतरवून घेतले की नाही हे पाहिले. मग छत्री घेऊन निघालो. माझी थोरली बहीण कावेरीअक्का गेली, हे मला वाटेत कळले... त्याला आता दीड महिना झाला. त्या दोन पायऱ्या मी का लिहिल्या, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. पायऱ्या बरोबर होत्या, एवढे आठवते.

अक्काविषयी लिहिण्यापूर्वी आमच्याविषयी दोन वाक्ये लिहिणे आवश्यक आहे, कारण ही पुरवणी वाचणाऱ्या पुष्कळांना कुंभकोणमात मराठी घरे आहेत हे ठाऊक नसेल. तंजावरच्या दरबाराबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि दरबार गेल्यावर इकडेच राहिले. उंबरठ्याच्या आत आम्ही मराठी बोलतो, बाहेर तमिळ. आमची मराठी पुण्याच्या पाहुण्याला जुन्या दप्तरातून काढल्यासारखी वाटते, आणि तिच्यात तमिळ शब्दही बरेच मिसळले आहेत. अक्का मला 'तंबी' म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकलेल्या मास्तराला भर रस्त्यात 'तंबी' म्हणून हाक मारणारी ती एकटीच होती.

सतराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती मलायात गेली. भावोजी तिथल्या एका रबराच्या मळ्यावर कारकून होते. मूल झाले नाही. युद्धात साडेतीन वर्षे पत्रे आली नाहीत, मग पुन्हा येऊ लागली. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी एका पत्राने भावोजी गेल्याचे कळवले. ते पत्र अक्काच्याच अक्षरात होते आणि त्यात एकही ओळ वाकडी नव्हती. मी लिहिले, ये. तिचे उत्तर आले ते असे: "येत्यें. परंतु माझ्याबरोबर कोपी येईल. त्यास नको म्हणत असशील तर तसें लिही, मी इकडेच राहीन. मळ्यावर आपली भाषा ऐकणारें आतां तेंच एक उरलें आहे." कोपी म्हणजे तिकडच्या भाषेत कॉफी. तो तपकिरी रंगाचा, एका कानाने किंचित उणा असा कुत्रा होता.

माझी पत्नी जानकी हिने पत्र ऐकले आणि पुढ्यातली विळी बाजूला सारली. "कुत्रं? ह्या घरात?" ती म्हणाली. "आणि सोवळ्याचं काय?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडे स्वयंपाक आणि पूजा सोवळ्यात होते. धुतलेले, कोणी न शिवलेले वस्त्र नेसून ती कामे करायची, आणि कुत्र्याचा स्पर्श झाला की सोवळे संपले. विधवा बहीण माहेरी आल्यावर देवघर आणि चूल तिच्याकडे जाणार, हे कोणी न सांगताच ठरलेले होते. म्हणजे ज्या एका माणसाने कुत्र्याला अजिबात शिवू नये, त्याच माणसाचा तो कुत्रा होता. माझा स्वभाव असा की अडचण आली की मी ती कागदावर मांडतो. दोन संध्याकाळी विचार करून मी पाच कलमे लिहिली. कोपीने विहिरीपलीकडच्या रिकाम्या गोठ्यात राहावे. त्याने मागच्या दाराच्या आत येऊ नये. त्याचे अन्न सर्वांच्या जेवणानंतर, बाहेरच द्यावे. श्राद्धाच्या दिवशी त्याला घराच्या आवारातून हलवावे. आणि पाचवे, जो कोणी त्याला स्पर्श करील त्याने विहिरीवर डोक्यावरून स्नान केल्याशिवाय घरात पाऊल टाकू नये. हे पाचवे कलम मला विशेष साधले असे वाटले. त्यामुळे स्पर्शाला बंदी राहिली नव्हती. स्पर्शाची वाट मोकळी ठेवली होती. मी जानकीला ते वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून हे सुचलं." अक्काचे उत्तर एका शब्दाचे आले: "कबूल."

तिला आणायला मी नागपट्टणमला गेलो. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राहते आणि माणसे पडावांतून किनाऱ्याला येतात. तिसऱ्या पडावात पांढऱ्या लुगड्यातली एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर मान टाकून एक कुत्रा. अठ्ठावीस वर्षांनी मी बहिणीला पाहत होतो, पण तिच्या आधी मी त्या मांडीकडे पाहिले, हे मला लिहिलेच पाहिजे. धक्क्यावरच्या अधिकाऱ्याने कागद मागितले. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, टोचल्याचा दाखला, बोटीच्या कप्तानाची चिठ्ठी, सगळे तिने क्रमाने लावून सुतळीने बांधले होते. अधिकारी हसून म्हणाला, "अम्मा, माणसांचे कागदसुद्धा एवढे नीट नसतात." ती त्याला तमिळमध्ये म्हणाली, "माणसांना परत पाठवत नाहीत ना." आगगाडीत कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या खणात ठेवावे लागते. प्रत्येक स्टेशनावर अक्का उतरे, त्या डब्यापाशी जाऊन काही बोले आणि शिट्टी झाली की परत येई. तंजावरला गाडी बदलताना मी विचारले, "काय सांगत असतेस त्याला?" "किती स्टेशनें राहिलीं तें सांगत्यें," ती म्हणाली. "तूंही सांग की, तुला पाठ असतील."

घरी आल्यावर तिने गोठा झाडला, पोते अंथरले, कोपीच्या डोक्यावर हात ठेवून त्याला "बैस रे" म्हटले आणि सरळ विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतले. मग ओलेत्यानेच तिने आमच्या घरात पहिले पाऊल टाकले. आमच्या गल्लीने कोपीला आठवडाभर पाहून घेतले. समोरचे वैद्य ओट्यावरून ओरडत, "काप्पी आली हो! पेला कुठाय?" कोपीला तमिळ कळत नसे. मुलांनी "वा, वा" म्हणजे ये, ये, असे कितीही म्हटले तरी तो त्यांच्याकडे बघत राही. अक्काने मागच्या दारातून नुसते "ये रे" म्हटले की उठे. वैद्य म्हणत, "राजघराण्यातला दिसतो. दरबारी भाषेशिवाय ऐकत नाही."

भावोजींचे वर्षश्राद्ध आले तेव्हा चौथे कलम लागू करण्याची वेळ आली. भटजींनी बजावले होते की पिंडांवर कुत्र्याची नजरसुद्धा पडता कामा नये. जवळच्या दारासुरम् गावी माणिकम् नावाचे एक रेशीम विणणारे विणकर माझ्या ओळखीचे होते. त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकला होता. आदल्या दिवशी मी कोपीला दोरी धरून त्यांच्याकडे पोहोचवले. श्राद्ध यथासांग झाले. अक्काने स्वयंपाक केला, ब्राह्मणांची पाने वाढली, भांडी आवरली आणि ऊन उतरल्यावर म्हणाली, "तंबी, जाऊन येत्यें." मी छत्री घेऊन तिच्यामागे निघालो. माणिकम् मागावरून उठून दाराशी आले. "घेऊन जा हो अम्मा तुमच्या साहेबांना," ते म्हणाले. "कालपासून भाताला तोंड नाही. माझ्या बायकोनं ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलंय." अक्का मागाच्या खड्ड्याशेजारी जमिनीवर बसली आणि कोपीला म्हणाली, "आज त्यांचें झालें हो नीट. खीरही झाली होती." मग तिने माणिकम् यांच्या बायकोकडून भात मागून घेतला आणि त्याला भरवला. परतताना ती एकदाच बोलली. "त्यांचें श्राद्ध, आणि त्यांना ओळखणारा एवढाच बाहेर." मी म्हणालो, "शास्त्र आहे, अक्का." "होय की," ती म्हणाली. घरी पोहोचल्यावर ती विहिरीवर गेली.

अशी चार वर्षे गेली. अक्काने एकदाही कलम मोडले नाही आणि एकदाही त्याविषयी तक्रार केली नाही. सकाळी एक, दुपारी एक, दिवेलागणीला एक अशी तिची स्नाने घराच्या वेळापत्रकात बसून गेली. तिचे ओले केस कधी पुरते वाळलेले मी पाहिले नाहीत. पण हेही मी आता लिहिताना म्हणतो आहे. तेव्हा ते माझ्या ध्यानात आले होते असे म्हणणे खोटे होईल.

या वर्षी आश्विनात कोपीच्या मागच्या पायाला व्रण झाला. तो चिघळला. वैद्यांनी पाला सांगितला, तो दिवसातून अनेकदा बदलायचा होता. त्याच सुमारास आमच्याकडचा पाऊस सुरू झाला. तुमच्याकडचा संपतो तेव्हा आमचा लागतो आणि कार्तिकभर राहतो. एका रविवारी मी घरी होतो आणि ओट्यावर वह्या तपासत होतो. विहिरीच्या रहाटाचा आवाज येत होता. मी स्नाने मोजली; सात झाली. संध्याकाळी मी म्हणालो, "अक्का, पाला सकाळ-संध्याकाळच बदल. एवढं पाणी बरं नव्हे." ती केस पिळत होती. "माशा बसतात रे," ती म्हणाली. "मग शिवू नकोस. काठीनं पट्टी सार." ती हसली. "तुझ्या शाळेंत पोरगें पडलें तर तूं काठीनें उचलतोस काय?" मी म्हणालो, "कलमात तसं..." आणि थांबलो. ती म्हणाली, "कबूल तें कबूल, तंबी. मी कुठें नाहीं म्हणत्यें?"

त्या दिवशी जानकीने मला माजघरात गाठले. चार वर्षांपूर्वी सोवळ्याचा प्रश्न तिनेच काढला होता. ती म्हणाली, "तुम्ही लिहिलंत, तुम्हीच काढा ते. हातपाय धुऊन आली तरी मला चालेल. देवालाही चालेल." मी विचार केला. एक कलम काढले तर उरलेली चार कशाच्या आधारावर उभी राहतात, असा तो विचार होता. शिवाय कार्तिक चालू होता. कार्तिकात लोक मुद्दाम पहाटे उठून स्नाने करतात, त्यात पुण्य मानतात. मी जानकीला म्हणालो, "कार्तिक संपू दे. मग सांगतो." मला वाटते त्या वेळी मी ती गोष्ट निकालात निघाली असे समजलो. निदान पुन्हा वह्या तपासायला बसलो, हे नक्की.

सोमवारी अक्काला खोकला झाला, बुधवारी ताप. डॉक्टर आले, छातीत कफ साठला म्हणाले, औषध दिले. गुरुवारी तिला बरे वाटत होते, शाळेला निघताना मी तिच्या खोलीत डोकावलो तेव्हा ती म्हणाली, "तंबी, त्याचा पाला कोण बदलेल?" मी म्हणालो, "बघू." तिने मान हलवली. हे आमचे शेवटचे बोलणे. कार्तिक संपायला चार दिवस होते. पुढे मी जानकीला विचारले की विहिरीच्या पाण्याने असे होते का. ती म्हणाली, "त्याच विहिरीवर मीही न्हाते," आणि भांडी घेऊन आत गेली. डॉक्टरांना मी विचारले नाही. मी गणित शिकवतो. कोणते प्रश्न सोडवायला दिलेली माहिती अपुरी असते, हे मुलांना सांगतो. तसाच हाही प्रश्न आहे असे स्वतःला सांगून पाहिले...

दिवसकार्य झाल्यावर मी घरात सांगितले की पाचवे कलम रद्द केले आहे. जानकी म्हणाली, "आता कुणासाठी?" पण तेव्हापासून कोणी स्नान करीत नाही. जानकी कोपीपुढे पान ठेवते, पट्टी बदलते, हातपाय धुते आणि आत येते.

गेल्या रविवारी ती तिच्या भावाकडे निघायच्या गडबडीत होती, म्हणून पट्टी बदलायचे काम माझ्याकडे आले. चार वर्षांत मी कोपीला कधी शिवलो नव्हतो. त्याचे केस मला वाटले होते त्याहून राठ निघाले. व्रण आता भरत आला आहे. मी पाला लावला, चिंधी बांधली आणि अक्का ठेवायची तसा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "बैस रे." तो बसला नाही. तो उठला, लंगडत विहिरीपाशी गेला आणि रहाटाकडे तोंड करून बसला. मी दोनदा "ये रे" म्हटले. त्याने कान हलवला, पण जागचा हलला नाही. जानकी पिशवी घेऊन मागच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अक्काची अंघोळ होईपर्यंत तो तिथंच बसायचा. रोज. तुम्ही शाळेत, नाहीतर ओट्यावर असायचात." मी विचारले, "तू पट्टी बदलतेस तेव्हाही बसतो?" "नाही," ती म्हणाली. "पण आज तुम्ही डोक्यावर हात ठेवून म्हणालात ना. ती तसंच म्हणायची आणि उठायची." मग ती गाडी चुकेल म्हणून गेली.

मी पाय धुतले. कोपी बसून होता. मी बादली ओढली आणि दोन तांबे खांद्यांवर घेतले. तो बसूनच होता. पाणी गार होते. अंगातला सदरा मी काढला नव्हता, हे तेव्हा लक्षात आले. मग मी बादली उचलून उरलेले पाणी डोक्यावर ओतले आणि डोळ्यांवरचे केस बाजूला सारले. कोपी उठला, मागे न बघता गोठ्यात गेला आणि पोत्यावर बसला.