सारवताना भिंत खोकली

लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आमच्या भासऱ्यांशी, म्हणजे मालकांच्या थोरल्या भावाशी, मी एक शब्द बोललेली नाही. बोलायच्या आधीच मी त्यांना सारवून काढलं.

त्याचं असं झालं. शिरड शहापूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथं अंगणवाडीची नवी खोली मातीची बांधायची ठरली. दाबून केलेल्या मातीच्या विटा, वरून माती-चुन्याचा गिलावा, सिमेंट नावापुरतं. अशी खोली उन्हाळ्यात थंड राहते आणि हवाही कमी बिघडते म्हणे. त्या कामासाठी दहा बाया शिकवून तयार करायच्या होत्या, आणि काम गावातच. मला त्यातली एक जागा हवी होती. इतकी हवी होती, की मी स्वतःच्या तोंडानं मालकांना तसं सांगितलं! (एरवी जेवताना मीठ हवं असलं तरी मी नुसती मिठाच्या भांड्याकडे बघत बसते.) चौथीत माझी शाळा सुटली. हिशेब येत नाही, इंग्रजी येत नाही. भिंत सारवता येते. आणि जन्मात पहिल्यांदा कुणीतरी भिंत सारवायची परीक्षा ठेवली होती!

भासरे गवंडी. सगळी हयात सिमेंटात गेलेली. ते दुसरीकडे बघत म्हणाले (माझ्याविषयी बोलायचं तर ते दुसरीकडेच बघतात), "जाऊ दे तिला. पर मी सोता येऊन बघणार. चार लोकांत घराचं हसू झालं, की त्याच घडीला यादीतून तिचं नाव कमी करायचं. काय?"

"व्हय दादा," आमचे हे म्हणाले.

परीक्षा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती. शहरातून एक ताई आल्या होत्या. भासरे बोलल्याप्रमाणे येऊन भिंतीशी उभे होते, आमचे हे दाराशी. बघते तर मातीचा पत्ता नाही, घमेलं नाही, पाणी नाही. ताईंनी पेटीतून एक काळा, डब्याएवढा चष्मा काढला.

"हा डोळ्यांवर बांधला की समोर भिंत दिसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसते हात फिरवायचे. सपाट झालं की हिरवं दिसेल, फुगवटा राहिला की लाल. सगळी भिंत हिरवी झाली, की पास!"

माझी जाऊ, म्हणजे भासऱ्यांची बायको, कानाशी येऊन म्हणाली, "माती न्हाई, शेण न्हाई, नुसते हात हलवायचे! हे तर शेणाला हात न लावणाऱ्या माझ्या सूनबाईला बी जमंल!"

ताईंनी फरशीवर खडूनं गोल काढला. "याच्या बाहेर जायचं नाही हं."

चष्मा बांधला आणि खरंच समोर भिंत उभी राहिली! पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसं गेली. ताई गेल्या, बाया गेल्या, भासरे गेले. मला कुणी दिसत नाही म्हणजे मीही कुणाला दिसत नाही, असं माझ्या मनानं परस्पर ठरवून टाकलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला!

आता, एका जागी उभं राहून भिंत सारवणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. आम्ही हात फिरवत फिरवत सरकत जातो. मीही सरकले. खडूचा गोल कधी मागं राहिला, देवाला ठाऊक. आणि काय सांगू, भिंत हाताला लागली!

"ताई, ही तर खरीच लागून राहिली की हो!"

"तसंच वाटतं," ताई म्हणाल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. माझी भिंत त्या लॅपटॉपवर बघत होत्या.

भिंत गरम होती. म्हटलं, ऊन लागलं असेल. वरच्या अंगाला काहीतरी टणक लागलं. म्हटलं, खडा राहिला. तो मी अंगठ्यानं आत दाबला. (ती भासऱ्यांच्या खिशातली चुन्याची डबी होती.) खाली आले तर मोठा लाल फुगवटा. दाबला की आत जाई, सोडला की परत बाहेर येई!

"कुण्या गवंड्यानं बांधली ही?" मी मोठ्यानं म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही त्या दिवशी कळलं. "केवढं पोट आलंय भिंतीला! धरून बदडला पाहिजे मेल्याला!" आणि दोन थापट्या दिल्या.

भिंत खोकली.

"ताई, भिंत खोकली!"

"आवाज येतात त्यात. लक्ष देऊ नका."

भासऱ्यांची अवस्था मला नंतर जावेनं सांगितली. एका बाजूला लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला खुर्च्यांची चळत, पाठीशी हॉलची खरी भिंत. मला हात लावून बाजूला करावं, तर भावजयीला हात कसा लावायचा? बोलावं, तर माझ्याशी बोलायचं कसं? ते बिचारे हवेत बघून बायकोला म्हणत होते, "अगं, सांग की तिला कुणीतरी!" पण ती पदराचा बोळा तोंडात घालून खाली बसली होती. आणि आमचे हे? ते दारातून चप्पल शोधायला गेले. चप्पल त्यांच्या पायातच होती!

मी मात्र सोडते होय? पोटावर दोन्ही हात ठेवून असा जोर लावला, की भिंतीनं श्वास आत ओढला आणि तो सोडलाच नाही. त्याच घडीला सगळी भिंत हिरवीगार!

"पास!" ताई टाळ्या वाजवत वळल्या, आणि टाळी हवेतच राहिली.

मी चष्मा काढला. वीतभर अंतरावर भासरे. दोन्ही हात वर, डोळे गच्च मिटलेले, ओठांत देवाचं नाव.

मी काय करावं? मी चष्मा परत घातला.

घरी येऊन चुलीपुढून हलले नाही. म्हटलं, गेली जागा. चार लोकांत कसलं, चाळीस लोकांत हसू झालं! भासरे जेवायला बसले. भाकरी मोडली, पण तोंडात घालेनात. मग कणगीकडे बघत म्हणाले, "सोमवारी शिकायला जायचंय म्हणावं. वेळेवर."

जाऊ म्हणाली, "काहून? हसू तर झालं की!"

"माझं झालं, घराचं न्हाई." मग घास उचलत म्हणाले, "हात बराबर हाय तिचा. फकत डाव्या हाताला जोर कमी पडतो. माझी एक बाजू कच्ची राहिली."

तर आता मी खऱ्या भिंती सारवते, डावा हातही सुधारलाय. फक्त एक सवय लागली आहे. हात लावायच्या आधी भिंतीला हळूच विचारते, "कोण हाय का?" ताईंना वाटलं, ही आमच्याकडची जुनी रीत असावी. त्यांनी ती मोठ्या कौतुकानं वहीत लिहून घेतली, आणि आता नव्या बायांना पहिल्या दिवशी तेच शिकवून राहिल्यात. लाजेमुळे मी अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही!