वरचं काम, खालचं काम

सुनेनं माझ्या हातातली वाटी ओढून घेतली आणि पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. कॉटवर सासू कोरडे ओठ चाटत पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, भूल उतरली होती, डॉक्टरांनी चमच्याने पाणी द्यायला सांगितलं होतं. तहानेल्या बाईच्या तोंडचं पाणी काढून घेतलं. का? ते माझ्या हातचं होतं.

थोड्या वेळापूर्वी याच हातांनी मी म्हातारीचं हागलेलं काढलं होतं. अंग पुसलं, चादर बदलली. तेव्हा हरकत नव्हती. तेव्हा सून नाकाला ओढणी लावून बाहेर उभी होती.

बिनसलं ते गप्पांत. मी निपाणीकडची. व्हाइटफील्डच्या या हॉस्पिटलात दिवसभर कानडी आणि हिंदी. हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं, पण घरात मराठी. ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. सुनेनं विचारलं, "अक्का, आडनाव काय तुमचं?" सांगून टाकलं. इतकी वर्षं या शहरात माझ्या आडनावावरून कुणाला काही कळलं नव्हतं. तिला लगेच कळलं. माझ्याच भाषेच्या माणसाला.

तिच्या नवऱ्यानं इनचार्ज सिस्टरला बोलावलं. आवाज चढवला नाही. तोंडात साखर. "यांना काढू नका, काम चांगलं करतात. फक्त खाणंपिणं दुसऱ्या सिस्टरनी द्यावं. आईचं सोवळं असतं."

इनचार्जनं मला बाजूला घेतलं. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घे. वरचं काम मेरी सिस्टर करेल, खालचं तू कर."

झाली वाटणी. तोंड मेरीचं, बूड माझं. मला किळस आली. गुवाची मला कधी येत नाही. या माणसांची आली. सोवळ्याला माझा हात चालतो, पण फक्त कमरेखाली!

दुपारी म्हातारीनं पुन्हा कपडे भरवले. मेरी कुजबुजली, "जाऊ नको. काढू दे त्यांचं त्यांना."

मन म्हणालं, बरोबर आहे. पाय मात्र कॉटकडे गेले. म्हातारी घाणीत पडली होती. तीही त्यांच्यातलीच असेल. पण शिक्षा देणं हे नर्सचं काम नाही. मी तिला साफ केलं, कुशीवर वळवलं. मग साबणानं हात धुतले आणि नवीन वाटीत पाणी घेतलं.

"सिस्टर, सांगितलं होतं ना!" मुलगा उठला.

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. म्हातारीला विचारलं, "आई, माझ्या हातचं पाणी चालेल? नको असेल तर मेरीला बोलावते."

तिनं मुलाकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. मी चमचा लावला. ती प्यायली, अजून मागितलं. मी दिलं.

संध्याकाळच्या आत हॉस्पिटलवाल्यांनी मला ऑफिसात उभं केलं. घरच्यांची माफी माग, विषय संपव, म्हणाले. म्हातारीला काय हवं होतं, हे कुणी विचारलं नाही.

मी म्हणाले, "माफी मागणार नाही. पेशंट मी आख्खी सांभाळते. तिचे दोन तुकडे करून मला अर्धी देऊ नका."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

उद्या पोलीस ठाण्यात जाणार आहे. असल्या वागण्याविरुद्ध या देशात कायदा आहे. तक्रारीत त्या मुलाचं नाव असेल, सुनेचं असेल. आणि त्यांनी मागितली तशी वाटणी करून देणाऱ्या हॉस्पिटलचं नाव सगळ्यांत वर असेल.