सेडानकाकांची मागची डावी सीट

सर्व संबंधितांस या मजकुराद्वारे गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, डिकीच्या नावाखाली नुसती एक फळी असलेल्या आणि दार लावताना पत्र्याचा आवाज करणाऱ्या कोणत्याही वाहनास यापुढे ‘गाडी’ म्हणू नये. म्हणणाऱ्याचा चहा तत्काळ बंद करण्यात येईल.

हा हुकूम राजपत्रात शोधू नका. तो दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत सेडानकाकांनी काढला होता, तोंडी, आणि तो अमलात यायचा. माझी लहान गाडी आल्यावर मी त्यांच्या घरात सहा महिने नुसत्या पाण्यावर काढले आहेत.

काका अंगाने किडकिडीत, पण बारा महिने सफारी सूटमध्ये आणि कायम ताठ. तुच्छता दाखवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या एका जोडप्याने नवी छोटी गाडी घेतली आणि ते हौसेने पेढे घेऊन आले. काकांनी पेढा हातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “पेढा चांगला मोठा आहे. गाडी कुठाय?” गाडी त्यांच्या समोरच उभी होती. लहान गाड्यांवर त्यांचा एक कायमचा शेरा होता : “त्यात माणूस बसत नाही, माणूस ती अंगात घालतो. आणि मग ती काखेत काचते.”

हा अधिकार त्यांना सरकारने दिला होता. ते एका मंत्रालयात पाहुण्यांच्या सरबराईच्या खात्यात होते. बाहेरून बडा पाहुणा यायचा असला की त्याच्यासाठी आलिशान गाडी यायची, आणि पाहुण्याच्या आधी त्या गाडीत मागे डावीकडे बसून बघायचं काम काकांकडे होतं. पाय लांब होतात का, गादी दबते का, थंड हवा मानेवर येते की तोंडावर. म्हणजे देशाने या माणसाला जवळजवळ तीस वर्षं मागच्या डाव्या सीटवर बसण्याचा पगार दिला. त्यातून जे ज्ञान तयार होईल ते झालं, आणि निवृत्तीनंतर ते आमच्यावर सोडण्यात आलं.

सोसायटीतल्या मराठी घरांत रीतच पडली होती. गाडी घ्यायची तर काकांना शोरूमला न्यायचं. मीही नेलं. माझी ऐपत आणि सोसायटीने मला दिलेली पार्किंगची जागा, दोन्ही आखूड होत्या, त्यामुळे निवडीला फारसा वाव नव्हता. तरीही नेलं, कारण न नेणं म्हणजे लग्नाला मामाला न बोलावण्यासारखं झालं असतं.

नोएडाच्या शोरूममधला टाय लावलेला विक्रेता किल्ली पुढे करून म्हणाला, “सर, चलाके देखिए.”

“मैं पीछे से देखता हूँ,” काका म्हणाले. आत बसले, गुडघे पुढच्या सीटला टेकवून पाहिले, डोळे मिटले आणि दार ओढून घेतलं. मग काच खाली करून मला विचारलं, “काय ऐकलंस?”

“दार लागलं.”

“दार नाही. डबा लागला.”

तेवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले. रस्ता ओलांडून मला पलीकडच्या आलिशान गाड्यांच्या शोरूममध्ये नेलं. तिथे आम्हाला कॉफी मिळाली, मखमली खुर्च्या मिळाल्या आणि माझ्या चपलांकडे बघून न बघितल्यासारखं करणारी एक बाई मिळाली. काका एका काळ्या लांबलचक सेडानमध्ये तसेच मागे डावीकडे बसले. दाराचा आवाज आला, धप्प. काका बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते. खोटं सांगत नाही. “बघितलंस? हे लागलं नाही. हे मिटलं.”

मी सहज विचारलं, “पण काका, हिचा क्लच कसा आहे?”

“तो पुढच्या माणसाचा प्रश्न आहे.”

मला तेव्हा उलगडा झाला. ज्या माणसाच्या एका ‘हं’वर आमच्या सोसायटीत गाड्या ठरत आणि मोडत होत्या, त्याला ब्रेक कुठल्या पायाने दाबतात हे माहीत नव्हतं. आयुष्यात त्यांनी स्टीअरिंगला हात लावला नव्हता. मायलेज, सर्व्हिसिंग, सुटे भाग, अरुंद गल्लीत मागे घेणं, सगळं पुढच्या माणसाचं. आता कुणी मला गाडीबद्दल विचारलं तर मी सांगतो की आलिशान सेडान खरंच शांत असते, त्यात पाय खरंच लांब होतात. पण निजामुद्दीन पुलावर संध्याकाळी साडेसहाला ती आणि माझा डबा अगदी सारख्याच वेगाने उभे असतात. फरक इतकाच की तिच्यातला माणूस जास्त चिडलेला असतो.

काकू मात्र आयुष्यभर पुढच्याही नाही आणि मागच्याही नाही, सरळ बसच्या. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्या शिकवायच्या. सकाळी सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या स्टॉपवर उभ्या राहायच्या, आणि बरोबर त्याच सुमाराला काकांना न्यायला आलेली ऑफिसची पांढरी सेडान त्या स्टॉपवरून पुढे जायची. मागे डावीकडे काका, मांडीवर फाइल. जानेवारीच्या धुक्यातही नाही आणि जूनच्या लूच्या झळांतही नाही, एकदाही गाडी थांबली नाही.

“सरकारी गाडीत लिफ्ट देता येत नाही,” काका सांगायचे. “बायकोला तर बिल्कुल नाही.”

हे ते अभिमानाने सांगायचे, आणि अभिमान वाटावा अशीच गोष्ट होती ती, कारण त्यांच्या बरोबरीच्या साहेबांच्या गाड्या मुलांना शाळेत आणि भाजी घरी पोचवत होत्या. मी एकदा काकूंना विचारलं, वाईट नाही वाटायचं? त्या म्हणाल्या, “वाईट कसलं? गाडी गेली की कळायचं, आठ वाजले.”

निवृत्तीनंतर काकांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. करोल बागेतून, जुनी, आठ वर्षं वापरलेली, काळी, डिझेलची, आलिशान. नव्या लहान गाडीच्या भावात मिळाली म्हणून आठवडाभर ते जिन्यात भेटेल त्याला थांबवत होते. “तुम्ही लोक नवा डबा घेता. मी जुना राजवाडा घेतला.” राजवाडा इतका स्वस्त का सुटला, हा प्रश्न दिल्लीत डिझेलची गाडी पाळणाऱ्या कुणालाही पडला असता. दहा वर्षं झाली की ती इथे रस्त्यावर काढता येत नाही. काकांना हे ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, चांगल्या गाडीसाठी सूट निघते. “मी फायली बघितल्यात. निघते.”

राजवाड्याचं तोंड पार्किंगच्या पट्ट्याबाहेर हातभर यायचं, म्हणून शेजाऱ्यांशी रोज वाद. चालवायला महिपाल नावाचा ड्रायव्हर ठेवला होता, तो सकाळचे दोन तास यायचा आणि रविवारी सुट्टी घ्यायचा. बाकीच्या वेळी गाडी उभी. आणि हिवाळ्यात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, काका त्या उभ्या गाडीत मागे डावीकडे बसून, पाय लांब करून, पेपर वाचायचे. कुणी जवळून गेलं की काच खाली करून सांगायचे, “आत ये. दार लावून बघ.”

आता रविवारी महिपालची सुट्टी, आणि काकूंचं काम नेमकं रविवारी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या कॅन्टोन्मेंटमध्ये जवानांच्या मुलांना मराठी शिकवायला जायच्या. सातारा, बीड, जळगावकडची ही घरं. आईबाप अस्सल मराठी बोलणारे, पण पोरांना उंबरठा विचारला की ती म्हणत, “मॅम, वो दहलीज ना?” काकूंना त्याचा राग यायचा नाही, घाई व्हायची. पोस्टिंग बदलायच्या आत मुलाला चार शब्द देऊन सोडायचं. मेट्रो थेट जायची, पण स्टेशनपासून आत बरंच चालायचं आणि रिक्षा फाटकावरच अडवायचे. पास लावलेली खासगी गाडी तेवढी सोडायचे. एका हिवाळ्यात काकूंचा उजवा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी सांगितलं, चालणं बंद करा नाहीतर ऑपरेशनला या. म्हणजे वर्ग बंद.

“रविवारी महिपालला बोलवा ना,” त्या काकांना म्हणाल्या.

“त्याची सुट्टी ठरलेली आहे. ठरलं म्हणजे ठरलं.”

पुढच्या आठवड्यापासून सकाळी सहाला आमच्या गल्लीतून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी गचके खात जायला लागली. त्यात एकसष्ट वर्षांच्या काकू होत्या. तीन महिन्यांनी त्यांनी माझ्या दाराची बेल वाजवली. “चल माझ्याबरोबर. लहानात लहान दाखव. ह्यांना कळता कामा नये.” शोरूममध्ये त्या थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि विक्रेत्याला म्हणाल्या, “दरवाजे की आवाज मुझे मत सुनाओ. ये बताओ, पीछे लेते टाइम दिखता है क्या?” दिसत होतं. टोमॅटोच्या रंगाची गाडी ठरली.

ती आली त्या दिवशी काका गॅलरीतून खाली आले, गाडीभोवती एक चक्कर मारली. चक्कर लगेच संपली, हेही त्यांनी बोलून दाखवलं. “हे काय आणलंस? डाव्या पायात घालायचं की उजव्या?”

“तुम्ही बसू नका.”

“बसणारच नाही. मेल्यावरसुद्धा बसणार नाही.”

“अच्छा. मेल्यावर तसंही आडवं नेतात,” काकू म्हणाल्या आणि कॅन्टोन्मेंटला निघून गेल्या.

पुढचं वर्षभर तसंच चाललं. सूट काही निघाली नाही. राजवाड्याला दहा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मी काकांना म्हटलं, सोसायटीपासून मार्केटपर्यंत कोण बघतंय, लोक सर्रास काढतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच एक लहान गाडी आहे. “नियम आहे.” दुसऱ्या दिवसापासून ती गाडी हलली नाही, आणि महिन्याभरात राजस्थानचा एक माणूस ती घेऊन गेला. जाताना काकांनी मागचं डावं दार उघडलं आणि एकदाच लावलं. मी बाजूला उभा होतो. त्यांनी मला काही विचारलं नाही.

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. चांगल्या, भरलेल्या वयात गेले. लोक त्यांच्या आठवणी काढतात त्या डब्याच्या आणि पेढ्याच्या. मला मात्र ते दिसतात कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथीगृहाच्या पोर्चमध्ये.

कॅन्टोन्मेंटमधल्या पालकांनी तिथे काकूंचा सत्कार ठेवला होता, संध्याकाळी सहाला. काकूंबरोबर मी आणि माझी बायको जाणार होतो. काका टॅक्सीने येणार होते. त्यांनी मोबाइलवर सेडान मागवली की प्रत्येक वेळी कुणीतरी छोटी गाडी पाठवायचं. काका नंबर बघायचे, गाडी बघायचे आणि रद्द करायचे. तिसरी रद्द झाली तेव्हा सव्वापाच झाले होते. काकू इंजिन चालू ठेवून बसल्या होत्या. मागची सीट मी आणि बायकोने अडवली होती. मी डावीकडे बसलो होतो, मुद्दाम. एवढी मजा माझ्या वाट्याला पुन्हा कधी येणार होती?

“येताय, की फोनच करत बसणार?” काकू म्हणाल्या.

काका पुढे बसले. जन्मात पहिल्यांदा. पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना सापडेना, तो काकूंनी लावला. प्रत्येक सिग्नलला त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. सोसायटीच्या कोपऱ्यावर वळताना त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. “इथे बसस्टॉप आहे?”

“तीस वर्षं आहे,” काकू म्हणाल्या आणि गिअर बदलला.

पुढे डब्यावर, गुडघ्यांवर, कशावर म्हणून शेरा नाही. पूल ओलांडताना काकूंनी दोन लांब गाड्यांच्या मधल्या फटीतून आमची गाडी सफाईने काढली, तेव्हा फक्त त्यांच्या तोंडून एक बारीकसा ‘हं’ आला. सोसायटीत ज्या ‘हं’वर गाड्या ठरायच्या, तो.

पोर्चमध्ये फुलं घेऊन दहा-पंधरा पालक उभे होते. काही जवान गणवेशात, बायका नऊवारीत. गाडी थांबली तसा रखवालदार धावत आला. सफारी सूट बघून त्याने काकांच्या बाजूचं दार उघडलं, कडक सलाम ठोकला आणि आत वाकून काकूंना हाताने इशारा केला. “ड्राइवर मैडम, साहब को उतारके गाड़ी पीछे ले जाइए. यहाँ साहब लोगों की गाड़ी लगती है.”

काकूंनी मुकाट्याने गिअरला हात घातला. पालकांत कुजबुज झाली. काका एक पाय बाहेर आणि एक आत असे अडकले, मग ताडकन उभे राहिले, दार हाताने घट्ट धरून ठेवलं आणि सगळ्या पोर्चला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले :

“अरे भाई, साहब तो ये हैं! मैं तो लिफ्ट लेके आया हूँ!”